दादा, नाव आण

मंडळी, एक विचारतो. दिवे लागलेत, दार लावलंय, आणि बाहेरून कोणी हाक मारली, तर ओ द्यावी की देऊ नये?

लगेच उत्तर देऊ नका! त्या मागच्या आजी हसतायत, त्यांना शिकवण ठाऊक आहे. आपल्या आया-आज्यांनी काय सांगितलंय? तिन्हीसांजेनंतर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच बोलावं. का? तर भुताला तिसरी हाक मारता येत नाही! आता हा नियम भुतांना कोणी कळवला, त्यांची सभा कुठं भरली, ठराव कोणी मांडला — मला ठाऊक नाही. पण शिकवण आहे, आणि आपण ती पाळतो.

पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. मनात म्हणत असतील, बुवा, नाताळचा आठवडा, देवळाचं आवार, आणि भुताची गोष्ट? साहेब, क्षमा असावी. पण ज्या गोऱ्या लोकांनी आपल्याकडं नाताळचा केक आणला ना, त्यांच्या मुलखात नाताळच्या संध्याकाळी शेकोटीभोवती बसून भुताच्याच गोष्टी सांगायची जुनी रीत आहे. बाहेर बर्फ, आत विस्तव, आणि मधे भूत! आणि त्या गोष्टींतलं भूत मानगुटीवर बसत नाही, नारळ-कोंबडं मागत नाही. ते निरोप घेऊन येतं. जिवंतांनी सांगून जो ऐकत नाही, त्याला सांगायला मग मेलेल्याला यावं लागतं. केक आपण घेतला, मग गोष्टीनंच काय घोडं मारलंय?

तर प्रश्न धरून ठेवा. हाक आली. ती भुताची आहे असं मन सांगतंय. ओ द्यावी का? पेटीवाले, सूर जरा खाली घ्या.

*पैलतीरी उभा कोण । हाक मारी कळवळून ।*
*ऐलतीरी दार लावून । बैसलासी कशाभेणं ॥*

ऐका. गोदावरीच्या काठी नांदरखेड नावाचं गाव. पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. ऐलतीरावर गाव, देऊळ, मिशनचा लहानसा दवाखाना. पैलतीरावर मळे आणि मळ्यांत राबणाऱ्यांच्या झोपड्या. दोन्ही तीरांना जोडणारी एकच नाव, आणि ती रखमाजी उजागऱ्याची.

रखमाजी म्हणजे कसा? धिप्पाड गडी, आवाज खणखणीत, उपासनेत गाणं धरायचं तर त्यानंच. देवळाचा पंच. त्याच्या शब्दाला गावात वजन. आणि शब्दही कसा, एकदा तोंडातून गेला की गेला, माघारी यायचा नाही. अशा माणसाचं आपण कौतुक करतो, नाही का? म्हणतो, बोलला तसा वागला. अहो, पण चुकीचं बोलला असेल तर?

त्याला एक धाकटा भाऊ होता, शांतवन. आईबाप लवकर गेले. रखमाजीनंच त्याला खांद्यावर खेळवला, नाव हाकायला शिकवली, पोहायला शिकवलं. तो भाऊ मोठा झाला आणि त्यानं पैलतीरावरच्या एका विधवेशी लग्न करायचं ठरवलं. केराबाई तिचं नाव. नवरा तापानं गेलेला, कडेवर एक तान्ही मुलगी. रखमाजीला हे कळलं तेव्हा तो अंगणात जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, की एकाला पुरून आलेली बाई आणि दुसऱ्याचं पोर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. शांतवननं समजावलं, हात जोडले, पाय धरले. शब्द गेला होता! मग शांतवन पैलतीरावर राहायला गेला. लग्न झालं, दोन भावांचं बोलणं बंद झालं. नाव रोज इकडून तिकडं जायची, पण त्या दोन घरांमधलं पाणी कोणी ओलांडलं नाही.

असं वर्ष गेलं. नाताळचा आदला दिवस आला. सूर्य नदीत बुडाला आणि पाण्यावर धुई उतरली. तुम्ही म्हणाल, धुई काय मोठी? गोदाकाठची धुई पाहिलीय का कोणी? हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. रखमाजीनं नाव बांधली, नवं धोतर नेसलं, फेटा बांधला, आणि उपासनेला निघाला. तेवढ्यात पैलतीरावरून हाक आली.

"दादा, नाव आण."

त्यानं आवाज ओळखला. हा आवाज त्यानं बोबडा असल्यापासून ऐकलेला. ओळखला, आणि पाय थांबला. मंडळी, एवढा एक क्षण त्याच्या हाती होता. सणाचा दिवस, धाकटा भाऊ स्वतःहून आलेला. शब्द खाली पडला नसता, भावानं तो उचलून डोक्यावर घेतला असता! पण रखमाजीच्या मनात आलं, थांबू दे थोडा वेळ. कळू दे थंडी कशी असते ते. आणि तो देवळात गेला. पुढं बसला. शांतीचा राजा जन्मला म्हणून खणखणीत आवाजात गायला. मधे एकदा त्याला पुन्हा हाक ऐकू आली. त्यानं आवाज चढवला.

शांतवन काठावर वाट बघून पाण्यात उतरला. तिथं उतार होता, छातीइतक्या पाण्यातून वाट होती, दिवसा कोणीही तगडा गडी आला असता. पण धुईत त्याची वाट चुकली, आणि ऐलतीरावरून बघता उताराच्या डाव्या अंगाला डोह आहे, त्यात तो गेला. पोहणारा माणूस, पण अंगाभोवती घोंगडी, पाणी बर्फासारखं. सणाच्या दिवशी सकाळी भोयांच्या जाळ्याला तो लागला.

गावानं रखमाजीला विचारलं, हाक नाही आली? तो म्हणाला, नाही. देवळात तबला चालू होता, ऐकू कसं येणार? सगळ्यांना पटलं. कोणाला नाही पटणार? सख्खा भाऊ! शांतवनला देवळामागच्या कबरस्तानात पुरलं. केराबाई मूल घेऊन नावेच्या घाटावर आली, मातीला तरी येऊ द्या म्हणाली. रखमाजी म्हणाला, ह्या नावेत पाय ठेवू नको, तुझ्यापायी माझा भाऊ गेला. बघा हं! दोष किती चपळ असतो. ज्याच्या अंगावर असतो त्याच्या अंगावरून टुणकन दुसऱ्याच्या अंगावर उडी मारतो!

पुढच्या साली तोच दिवस, तीच वेळ, तशीच धुई. रखमाजी अंगणात उभा होता आणि नदीवरून हाक आली. लांबून, ओढलेली. "दादा... नाव..."

 तो घरात शिरला, कडी लावली, कानांवर उशी दाबून पडला. बायकोनं, सारूबाईनं, विचारलं, काय झालं? तो म्हणाला, शांतवन आलाय. डोहातून हाका मारतोय.

सारूबाईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं विहिरीवर. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या नांदरखेडला ठाऊक, की नाताळच्या सांजेला शांतवन नाव मागतो, आणि जो नाव घेऊन जाईल त्याला डोहात नेतो. मग कोणी म्हणालं, मी पण ऐकलं. कोणी म्हणालं, मी पांढरं काहीतरी पाहिलं. दरसाल हाक यायची आणि दरसाल सगळं गाव दारं लावून घ्यायचं, घरात असोत की देवळात. रखमाजीनं नियमच केला, दिवा लागल्यावर नाव सुटणार नाही. वर्षाचे बाराही महिने. लोक म्हणाले, बरोबर आहे बाबा, जिवाशी खेळ नको. पैलतीरावरच्यांना रात्री दुखलं-खुपलं तर? त्यांचं ते बघतील!

अशी पाच-सहा वर्षं गेली. बाहेरून रखमाजी तोच होता. आतून? डोळ्याला डोळा लागत नव्हता. नदीकडं पाठ करून जेवायचा. गाणं सोडलं, घसा बसला म्हणायचा. दरसाल डिसेंबर लागला की त्याचं अन्न तुटायचं. आणि एक गोष्ट त्याला कोणाला सांगता येत नव्हती. सगळं गाव भुताला भीत होतं. तो भीत होता भूत खरं काय ते बोलेल म्हणून.

मग ती सांज आली. सारूबाई देवळात पुढं गेली होती. नवऱ्याला घरात एकटं सोडायची तिला सवय झाली होती. तो त्या दिवशी बाहेर पडायचा नाही. रखमाजीनं कडी लावली, आडणा घातला, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि चुलीपाशी बसला. धुई दाराखालून आत येत होती, धुरासारखी. थोड्या वेळानं नदीवरून हाक आली. दरसालसारखी नव्हे, घाईची. तुटलेली. त्यानं कानांवर हात ठेवले. हाक येत राहिली. मग ती थांबली.

तो सुटलो म्हणून श्वास सोडणार, तेवढ्यात परसातून, हातभर अंतरावरून, आवाज आला.

"दादा, नाव आण."

मंडळी, इथं हसू नका. कोणी खोकूही नका.

भिंतीपलीकडून आवाज. मोठा नाही, रागाचा नाही. लहानपणी शांतवन झोपेतून उठवायचा, तसा. रखमाजीला शिकवण आठवली. त्यानं जीभ दातांत धरली. एक झाली. ओ द्यायची नाही.

"दादा, नाव आण."

दोन. आता संपेल. भुताला तिसरी येत नाही. चुलीतला विस्तव जाळ न करता नुसता लाल होता. बाहेर पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, आणि पाऊस तर नव्हता.

"दादा, नाव आण."

तिसरी आली! आता सांगा, काय करायचं? शिकवण म्हणते हा जिवंत माणूस आहे, ओ दे. आणि तो तर जिवंत नाही! ज्या नियमाच्या आड रखमाजी बसला होता, तो नियमच त्याच्यावर उलटला. त्याच्या तोंडून आपोआप शब्द गेला, "आलो."

त्यानं परसाचं दार उघडलं. कोणी नव्हतं. सारवलेल्या परसात ओली पावलं होती, घाटाकडं जाणारी. दाराकडं येणारं एकही नव्हतं. तो त्या पावलांवरून चालत गेला. मागं वळून घरात का नाही गेला? अहो, पळायला पाय लागतात, आणि पाय त्या वेळी त्याचे नव्हते.

घाटावर नाव सुटलेली होती, तोंड पाण्याकडं. आणि पुढच्या फळीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगावर घोंगडी, घोंगडीच्या टोकातून पाणी गळत होतं. डावा खांदा जरा खाली उतरलेला. पोरवयात झाडावरून पडल्यापासून शांतवनचा खांदा तसाच होता. रखमाजी नावेत चढला. वल्हं हातात घेतलं. नाव निघाली.

धुईत काही दिसत नव्हतं. ऐलतीर गेला, पैलतीर आला नव्हता. वल्ह्याचा आवाज आणि समोर ती पाठ. रखमाजी त्या पाठीशी बोलू लागला. आधी म्हणाला, मी ऐकलं नव्हतं. पाठ हलली नाही. मग म्हणाला, तबला चालू होता. पाठ हलली नाही. मग त्याचा आवाज फुटला. मी ऐकलं होतं, तो म्हणाला. मी ऐकलं आणि गेलो. तेव्हाही पाठ हलली नाही.

नदीच्या मध्यावर आल्यावर त्या बसलेल्यानं हात उचलला. घोंगडीतून हात निघाला, पांढराफटक, सुरकुतलेला, पाण्यात राहिलेला. आणि तो हात डावीकडं दाखवू लागला. घाट उजवीकडं. डावीकडं काय? डोह!

रखमाजीला सगळं उमगलं, असं त्याला वाटलं. हा मला न्यायला आलाय. जिथं तो गेला तिथंच मला घालणार. उजवीकडं दोन वल्ही मारली की घाट. माणूस आहे, जीव प्यारा असतो. त्यानं वल्हं उजवीकडं टाकलंही. नाव वळली. पण तो हात डावीकडंच राहिला. आणि रखमाजीच्या मनात आलं, की त्या दिवशी यानं दोनदा हाक मारली आणि मी एकदाही गेलो नाही. आता हा नेतोय तिथं जाणं एवढंच माझ्याकडं उरलंय. मंडळी, धैर्य नव्हतं हं ते! भीतीनं तो थरथर कापत होता. तसाच कापत कापत त्यानं नाव डोहाकडं घातली.

धुईतून आधी आवाज आला, धापा टाकल्याचा. मग पाण्यावर काहीतरी दिसलं. एक डोकं, आणि डोक्यावर उचलून धरलेलं गाठोडं. बाई होती. गळ्याइतक्या पाण्यात, पायाखालची वाळू सरकत असलेली. आणि गाठोडं म्हणजे आठेक वर्षांची मुलगी, लुगड्यात गुंडाळलेली. रखमाजीनं वल्हं टाकलं, ओणवा झाला, आधी मुलीला घेतलं, मग बाईचा दंड धरून तिला वर ओढलं. मुलीला ठेवायला पुढच्या फळीकडं वळला, तर फळी रिकामी होती.

ती केराबाई होती. मुलीचं नाव मार्था. घटसर्प झाला होता. घसा आतून भरलेला, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. केराबाईनं आधी मुलीला पोटाशी घेतलं. रखमाजी नाव हाकत होता. मग ती म्हणाली, की दिवस मावळल्यापासून हाका मारतेय. पोरगी निळी पडायला लागली, म्हणून उतरले. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी साध्या आवाजात.

"दरसाल मारते हाका. ह्या सांजेला. त्यांच्या मातीवर एक मेणबत्ती लावून यावी, एवढंच मनात असायचं. म्हणायची, दादा, नाव आणा. सणाच्या दिवशी तरी दादांना दया येईल."

रखमाजीचं वल्हं पाण्यातच थांबलं. आणा! शांतवन म्हणायचा आण. धाकटा भाऊ तो; दादाला अहोजाहो कशाला करील? आणि ही भावजय, ती म्हणणार आणा. इतकी वर्षं नदीवरून येत होतं ते आणा. पण उशी कानांवर दाबली की हाकेचं शेपूट कोणाला ऐकू येतं? एक जिवंत बाई काठावर उभी राहून दरसाल हाका मारत होती, आणि एका सबंध गावानं तिचं भूत करून टाकलं होतं.

मग आज परसात कोण बोललं? आण कोण म्हणालं? ते मी नाही सांगत. तुम्हीच ठरवा.

नाव ऐलतीराजवळ आली. घाटावर टेकायच्या आत रखमाजीनं तोंड उघडलं. आता उशीर केला तर कधीच बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"केराबाई, त्या दिवशी मी शांतवनची हाक ऐकली होती. ऐकून गेलो नाही."

 तिच्या ओल्या केसांतून पाणी गळत होतं. नाव घाटाला लागली. मला वाटतं रखमाजीला त्या वेळी शिव्या हव्या होत्या, मार हवा होता. तेवढ्यानं थोडं हलकं झालं असतं. केराबाई म्हणाली,

"आधी पोरीला उचला."

त्यानं उचललं. धावला. देवळात गाणं चाललं होतं, त्या गाण्याशेजारून तो चिखलाच्या पायांनी धावत गेला दवाखान्यात. दवाखान्याच्या सिस्टर उपासनेतून उठून आल्या. घशाला छेद देऊन नळी घालावी लागली. रात्रभर तो दाराबाहेर जमिनीवर बसला होता, आणि आतला तो शिट्टीचा आवाज ऐकत होता. पहाटे आवाज थांबला. रखमाजी उठला नाही. त्याला उठायचं धाडस झालं नाही. मग सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, नीट श्वास घेतेय, झोपलीय.

सकाळी नाताळची उपासना. पाळक उभे राहणार तोच रखमाजी उठला. कालचेच चिखलाचे कपडे. त्यानं सगळं सांगितलं. तबल्याचं सांगितलं, भुताची बातमी कशी उठवली ते सांगितलं, केराबाईला मातीपासून कसं हाकललं ते सांगितलं. पंचाची खुर्ची सोडून दाराशी जाऊन बसला. आणि मंडळी, त्याला कोणी बोललं असेल? कोणी तोंड वर केलं नाही. कारण हाका तर सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. कड्या तर घरोघरी लागल्या होत्या.

पुढं मार्था हिंडू-फिरू लागल्यावर रखमाजी केराबाईकडं गेला. म्हणाला, माझ्या घरी राहायला चला, उंबरा तुमचा. ती म्हणाली, नको. माफी मागू लागला, तर म्हणाली, ते माझ्याच्यानं आज होत नाही. होईल तेव्हा होईल. मग काय देऊ, असं त्यानं विचारलं. केराबाई म्हणाली, घर नको दादा, वाट द्या. रात्री-बेरात्री कोणी हाक मारली तर नाव आली पाहिजे.

त्या दिवसापासून घाटावर कंदील लागला. पूल होईपर्यंत, म्हातारपणात डोळे जाईपर्यंत, रखमाजीची नाव अपरात्री सुटायची. तरणी पोरं त्याला विचारायची, बाबा, भीती नाही वाटत? तो म्हणायचा, वाटते की. धुईत अजूनही कापरं भरतं. पण तिकडं कोण आहे ते गेल्याशिवाय कळत नाही.

झालं आख्यान. आता तुमच्याकडं वळतो. खुर्च्या मागं सरकवू नका!

आपल्या गावात भुतं नाहीत, असं कोण म्हणतो? ती भुतं आपणच केलीत. जिची हाक ऐकायची नव्हती तिला आपण म्हटलं, ती तशीच आहे. ज्याला दार उघडायचं नव्हतं त्याच्याबद्दल गावभर सांगितलं, त्याच्या वाटेला जाऊ नका. मग त्यानं कितीही हाका मारल्या तरी आपल्या अंगावर काटा येतो, आणि काटा आला की आपण मोकळे! भीती वाटली म्हणून गेलो नाही, यापेक्षा सोयीची सबब देवानं निर्माण केली नाही. तारणारा जन्मला त्या रात्रीसुद्धा कोणीतरी त्याच्या आईबापाला दारातून म्हणालंच असेल, आता उशीर झालाय, कोण जाणे कोण आहेत.

आता प्रार्थनेला उभं राहायची वेळ. पण त्याआधी एक. मी बोलत होतो तेव्हा तुमच्या मनात एक नाव आलं. आलं ना? मला सांगू नका. शेजाऱ्यालाही नको. फक्त एवढं बघा, ते माणूस अजून जिवंत आहे का. असेल, तर मंडळी, प्रार्थना आम्ही करतो तुमच्यासाठी. तुम्ही उठा. आत्ता जा.